कै.नंतरचं टिंब

माझं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. रक्ताचा नमुना घ्यायला घरी आलेली मुलगी असो की गॅस एजन्सीतला कारकून, आडनाव ऐकलं की विचारतात, "म्हणजे त्यांचे कोण तुम्ही?" 'ते' म्हणजे आमच्या आडनावाचे एक माजी मंत्री. कोणीही नाही, असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरची निम्मी अदब उतरते. एकदा मी "लांबचे" असं म्हणून पाहिलं. लगेच बसायला खुर्ची मिळाली. त्यानंतर तो शब्द मी वापरला नाही, कारण खुर्ची मिळाल्याचा आनंद मला अपेक्षेपेक्षा बराच जास्त झाला होता.

खरं तर ते आडनाव नाहीच, हुद्दा आहे. निजामशाहीत कुणीतरी कुणाला तरी सनद दिली. पुढे शाही गेली, सनद गेली, हुद्दा तेवढा आडनाव होऊन घराघरांना चिकटून राहिला. त्यामुळे ते ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, मुसलमानांतही आहे. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. सगळ्यांचं नातं त्या कागदाशी, आणि तो कागद कुणीच पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं. अध्यक्ष पुण्याचे होते, मोठ्या सरकारी पदावरून निवृत्त झालेले. 'निवृत्त' हा शब्द ते इतका हळू उच्चारत की ऐकणाऱ्याला नुसतं पदच ऐकू येई. मी तीस वर्षं नगरच्या शाळेत मराठी शिकवलं आणि लग्नपत्रिकासुद्धा हातात पेन घेऊन वाचतो, ही कीर्ती त्यांच्यापर्यंत गेली होती. म्हणून मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलं. शिवाय एक प्रकरण लिहायचं होतं. त्याचं नाव त्यांनी स्वतः ठरवलं होतं: 'घराण्यातील व आडनावातील थोर व्यक्ती आणि स्थळे'.

"'आडनावातील' म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे जे आपले नाहीत, पण आडनाव आपलं आहे, असे."

"मंत्री आपले नाहीत."

"म्हणून तर तो शब्द घातला, सर."

"मग मागे लाच घेताना सापडलेला तो तलाठी? आडनाव आपलंच आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "तो आपला नाही," ते म्हणाले.

थोर व्यक्ती जमवायला मला तीन महिने लागले. मंत्री होतेच. पौराणिक नाटकांत राक्षस करणारे एक नट मिळाले. विलायतेला जाऊन आलेले एक शल्यविशारद मिळाले. त्यांच्याविषयी एवढीच माहिती होती की ते जाऊन आले. स्थळांमध्ये पुण्यातला एक बोळ, एक फरसाणाचं दुकान आणि नगरमधला एक चौक. चौक आमच्या आडनावाच्या नेमक्या कुणाचा, हे विचारायला मी चौकातच गेलो. पानवाला म्हणाला, "इथं एक डॉक्टर बसायचे, त्यांचा असेल." शेजारचा चपला शिवणारा म्हणाला, "छ्या, डॉक्टरला कोण विचारत होतं? त्यांचं कुत्रं फेमस होतं." मी 'प्रसिद्ध डॉक्टर' असं लिहिलं.

मध्येच जिल्ह्याचं नाव बदललं. टाइप करणाऱ्याने संगणकावर एका झटक्यात सगळीकडे नवं नाव घातलं, त्यामुळे आमचा मूळ पुरुष निजामशाहीच्या अहिल्यानगर दरबारात रुजू झाला. अशा गमती मी लाल पेनाने टिपत होतो आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. दुसऱ्याच्या मोठेपणाच्या चुका काढण्यासारखं सुखाचं काम नाही. म्हातारपणी तर नाहीच.

बाकी पुस्तक म्हणजे वंशावळ. थोरांना पान, इतरांना दीड ओळ. त्या दीड ओळीत खरी बातमी पहिल्या अक्षरातच असते. श्री. म्हणजे आहे. कै. म्हणजे होता. चि. म्हणजे अजून त्याचं काही झालेलं नाही. बायकांचं अक्षर नवऱ्याच्या अक्षरावरून ठरतं. तो श्री. असेल तर ती सौ., तो कै. झाला की ती श्रीमती. मुलांना व्याकरण शिकवताना मी हे गंमत म्हणून सांगत असे. वर्ग हसायचा.

प्रत्येक घराने एक माहितीपत्रक भरून द्यायचं होतं. वहिनींचं पत्रक आणायला मीच गेलो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या नगरमध्येच, सावेडी उपनगरात राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका छोट्या बैठ्या घरात. मूलबाळ नाही. बालवाडीत शिकवायच्या, आता घरीच असतात. फाटकावर 'श्री. व सौ.' अशी पितळी पाटी आहे आणि ती दर आठवड्याला चिंचेने घासलेली असते.

पत्रक त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं. बालवाडीतल्या बाईंचं गोल, सुटं अक्षर. पतीचे नाव: श्री. अमुक. व्यवसाय: नोकरी. सध्याचा पत्ता: परगावी.

भाऊ परगावी होता त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, नोकरीच्या जागी 'निवृत्त' हवं."

"अगोबाई, खरंच की." त्यांनी पत्रक परत घेतलं, खोडलं, दुरुस्त केलं. "सत्तरी आली आता त्यांची. माझ्या डोळ्यांसमोर अजून कारकूनच असतात."

भाऊ जिल्हा परिषदेत कारकून होता. पन्नाशीच्या अलीकडे तो हळूहळू बोलायचा थांबला. भांडण नाही, तक्रार नाही. प्रश्न विचारला की थोडं थांबून हसायचा आणि उत्तर द्यायचं राहून जायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तो वेळेवर घ्यायचा. एका वर्षी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, कार्तिकातल्या द्वादशीला, सकाळी सातला तो पिशवी घेऊन बाहेर पडला. तुळशीच्या मांडवाला ऊस आणायचा होता. वहिनी म्हणाल्या होत्या, "पाच आणा, पानांसकट आणा." तो हसला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत आला नाही. वहिनींनी उसाशिवाय लग्न लावलं. तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या तुळशीचं लग्न उसाशिवायच लागतं. बाजारात ढीग पडलेले असतात, शेजारी आणून द्यायला तयार असतात, पण त्या म्हणतात, "नको, ते आणायला गेलेत." आधी हे ऐकून बायका गप्प व्हायच्या. पुढे सवय झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी फोन आला. बोलणारा अनोळखी होता, पण त्याने सांगितलेलं आडनाव माझंच होतं. तो आमच्या मूळ गावाहून बोलत होता. हे गाव गोदावरीच्या काठी, पुणतांब्यापासून फार लांब नाही. आमचं तिथे घर नाही, शेत नाही, नुसता देव आहे. शेजारच्या जिल्ह्यात रेल्वेच्या रुळांवर एक माणूस सापडला होता. खिशात गावच्या देवळातली अभिषेकाची पावती होती आणि तिच्यावर नाव म्हणून फक्त आडनाव लिहिलेलं होतं. पोलिसांनी गावाला कळवलं. गावात त्या आडनावाचं एकच घर होतं, फोन करणाऱ्याचं. तो मुसलमान होता, वेल्डिंगचं दुकान चालवायचा, आणि गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. त्याच्या घरचे सगळे जागेवर होते. मग त्याला आठवलं की आदल्या दिवशी एक जण दुकानाची पाटी वाचून थांबला होता. "म्हनले, आपन एकच की. च्या पाजत हुतो तर म्हनले, तुमचा उपास आन मी कसा पिऊ." देवळातल्या पुजाऱ्याकडून माझा नंबर मिस्त्रींनी मिळवला होता.

मी वहिनींना सांगायला गेलो. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, ते नसतील तरच फोन करा."

"आणि असले तर?"

"नसतील तरच करा."

शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी मी पोचलो तेव्हा मिस्त्री सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. आत एका खोलीत चादरीखाली देह ठेवलेला होता. चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता म्हणून झाकून ठेवला होता. डावा हात बाहेर होता. लहानपणी एकदा मी चिडून दार आपटलं होतं आणि फटीत भावाचा अंगठा सापडला होता. तेव्हापासून त्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगून उगवायचं. समोरच्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

हवालदाराने विचारलं, "हेच का?"

मी म्हणालो, "नाही."

"नीट बघा. पावतीवर आडनाव तुमचंच आहे."

"या आडनावाचे पुष्कळ आहेत," मी म्हणालो.

बाहेर आलो, बूथवरून वहिनींना फोन केला. "ते नाहीत," म्हणालो. पलीकडून "बरं" एवढंच आलं. मिस्त्रींना मी तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. मी थांबतो." मला मिळाली ती एसटी पकडून मी नगरला आलो. त्या गावाला पुन्हा गेलो नाही; मूळ गावाची वाटही टाळली.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. वहिनींचं सौ. माझ्या त्या एका फोनवर उभं होतं. आधी वाटायचं, सावकाश सांगू. मग वाटायला लागलं, आता काय सांगायचं. बावीस वर्षांत त्यांनी एकदाही मला पुन्हा विचारलं नाही आणि मी ती माझी सोय मानली.

कुलवृत्तांतात मूळ गावाचं छायाचित्र हवं, असं अध्यक्षांनी ठरवलं. त्यांच्या गाडीतून आम्ही दोघं गेलो. मी टाळायचा प्रयत्न केला, पण टाळायला कारण सांगावं लागलं असतं. गावात आमच्या आडनावाची खूण म्हणून एकच वस्तू उरलेली होती: रस्त्याला लागून असलेल्या एका शेडवरची पाटी, 'अमुक वेल्डिंग वर्क्स. गेट, ग्रील, नांगराचे फाळ'. अध्यक्षांना मनापासून आनंद झाला. ते गाडीतून उतरून हात पुढे करून चालत गेले.

मिस्त्री आता म्हातारे झाले होते. भुवया जळून पांढऱ्या झालेल्या. त्यांनी काळी काच बाजूला ठेवली.

"आपण इथले मूळचे?" अध्यक्षांनी विचारलं.

"मंग? तुमी कुठलं?"

"आम्हीही इथलेच. चारशे वर्षांपूर्वी बाहेर पडलो."

"लई येळ लावला की यायला," मिस्त्री म्हणाले. "बसा, च्या घ्या."

अध्यक्ष हसले, आणि मीही हसलो. तेवढ्यात मिस्त्रींची नजर माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"सर न्हवं का?" ते म्हणाले. "तुमी मला वळखलं न्हाई, पर म्या वळखलं. त्या दिशी लई वाट बघितली तुमची. म्हनलं, घरच्या मानसास्नी सांगून सर माघारी येत्याल."

मी चहाचा पेला उचलला. अध्यक्षांनी विचारलं, "कुठल्या दिवशी?"

"ह्यांचं भाऊ वारलं तवा. सरांस्नी बघवलं न्हाई, म्हनले न्हाईत आमचे. व्हतं तसं मानसाचं. मंग साहेब म्हनला, बेवारस लिहितो. म्हनलं, बेवारस कसं? पावतीवर आडनाव हाय, माझंबी त्येच हाय. म्हनला, तू कोन लागतोस? म्हनलं, भाऊबंद." ते माझ्याकडे वळले. "अग्नीच दिला, सर. खिशात अभिषेकाची पावती हुती, मातीत कसं घालनार? भटजी कुनी येईना. रोजा हुता माझा, लाकडं वाहून घसा निस्ता जळत हुता. राख पुनतांब्याच्या घाटावर सोडली. कायी चुकलं आसंल तर माफी करा."

त्यांनी खरोखरच हात जोडले. मी चहाच्या पेल्याकडे बघत बसलो. हात जोडायची पाळी माझी होती, हे मला कळत होतं, पण अध्यक्ष समोर होते. आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दिखाऊपणाला हसत आलेलो आहे.

परत येताना राहात्याशी अध्यक्षांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "म्हणजे कै."

"त्या माणसाची ओळखण्यात चूक झाली असेल."

"झाली का?"

मी काचेतून बाहेर पाहत राहिलो. उसाने भरलेली एक ट्रॅक्टरची ट्रॉली पुढे चालली होती आणि आम्हाला ती ओलांडता येत नव्हती.

"सर, मला तुमच्या घरच्या गोष्टीत पडायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण हा दस्तऐवज आहे. उद्या कुणी संदर्भाला घेईल."

"मग मिस्त्रींचं नाव कुठे घालायचं? 'आडनावातील थोर व्यक्ती'मध्ये?"

ते विचारात पडले. "परिशिष्टात बघू," म्हणाले.

महिन्याभराने शेवटची मुद्रितं आली. पान एकशे बारावर भावाची ओळ होती. अध्यक्षांच्या हुकमाने ती बदललेली होती: 'कै' आणि पुढे नाव. शेजारी वहिनींचं नाव, 'श्रीमती' लावून. खिडकीशी बसून मी ती ओळ दोनदा वाचली. मुद्रितं तपासणाऱ्याचा एक नियम असतो: चुकीवर खूण करायची, बरोबर असेल त्यावर नाही. ओळीत एकच चूक होती. 'कै'च्या पुढे टिंब नव्हतं. संक्षेपाच्या पुढे टिंब लागतं, हे मी तीस वर्षं पोरांना बजावत आलो होतो.

मी टिंब दिलं. समासात खूण केली आणि पान उलटलं.

हे मी कुठलाही निर्णय म्हणून केलं नाही. हातानं केलं. बावीस वर्षं जे तोंडाला जमलं नाही ते हाताने एका टिंबात उरकलं. आणि मी पुढच्या पानावरच्या 'सेवानिवृती'तला दुसरा 'त' घालायला लागलो.

कुलसंमेलन राहात्याला एका मंगल कार्यालयात झालं. लोकांना जाता जाता शिर्डीही करता यावी, म्हणून ती जागा. मी वहिनींना आणणार नव्हतो. त्यांनीच समितीच्या बसमध्ये आधी जागा धरली होती. मोरपिशी रंगाची नवी साडी नेसल्या होत्या. "ह्यांच्या घरचं कार्य आहे," म्हणाल्या, "एकाने तरी जायला नको का?"

व्यासपीठावर आमच्या मूळ पुरुषाचं तैलचित्र होतं. मूळ पुरुष कसा दिसायचा हे कुणालाही माहीत नसल्याने चित्रकाराने अध्यक्षांचाच चेहरा घेऊन त्याला पगडी घातली होती. भाषणं झाली, प्रकाशन झालं, पुस्तकं वाटली गेली. मग निवेदिकेने पुकारलं, "आता घराण्यातल्या पाच ज्येष्ठ सुवासिनींची ओटी भरण्यात येईल." ती यादी माहितीपत्रकांवरून केलेली होती, पुस्तक छापायच्या कितीतरी आधी. त्यात वहिनींचं नाव दुसरं होतं.

मी उठलो, पण खुर्च्यांच्या रांगेत मधोमध होतो. वहिनी पायऱ्या चढून वर गेल्या आणि पाटावर बसल्या. एक नवी सून कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. पहिल्या रांगेत एक बाई पुस्तक उघडून बसल्या होत्या. नावं ताडून बघायची हौस असते काहींना. त्या म्हणाल्या, "अगं ए, थांब. ह्यात श्रीमती दिलंय."

त्या हळूच म्हणाल्या होत्या, पण माइक जवळ होता.

मुलीचं बोट वहिनींच्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबलं. तिने निवेदिकेकडे पाहिलं, निवेदिकेने अध्यक्षांकडे. अध्यक्ष माइकवर आले आणि म्हणाले, "किरकोळ तांत्रिक बाब आहे, आपण नंतर पाहू." मग कुणीतरी सनई लावली.

"आण गं ते पुस्तक," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पान एकशे बारा शोधून घेतलं, चष्मा वर-खाली करून वाचलं. मग मुलीच्या हातावर थोपटल्यासारखं करून म्हणाल्या, "तू पुढच्यांचं कर, बाळ. त्यांना उशीर होईल." आणि एकट्या पायऱ्या उतरल्या. ओटीचा नारळ पाटावरच राहिला.

बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. पुस्तक मांडीवर होतं. कोल्हार मागे पडेपर्यंत त्याची पानं उलटत राहिल्या.

"हे तुम्ही तपासलंत ना, भावजी?"

"हो."

"सगळं?"

"सगळं. पण वहिनी, छापखान्यात कधीकधी..."

"तुमच्या हातून चूक सुटत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तुम्ही सोळाव्या वर्षी तीन चुका काढल्या होत्या. बाबांना केवढा राग आला होता." त्या खिडकीबाहेर पाहायला लागल्या. "चूक असली तर शुद्धिपत्र निघतं ना पुस्तकाचं?"

"निघतं."

"मग त्यात येईल. मी वाट बघते."

शुद्धिपत्र निघणारच होतं, कारण अध्यक्षांच्या पदवीतलं एक अक्षर पडलं होतं. ते तयार करायचं काम माझंच. माझ्या लाल खुणा छापखान्याने निम्म्याच पाळल्या होत्या; मूळ पुरुषाला मी अहिल्यानगरच्या दरबारातून काढून त्याच्या काळात परत पाठवलं. राक्षस करणाऱ्या नटाची जन्मतारीख त्याच्या मृत्यूनंतरची पडली होती, ती सरळ केली. अशा सव्वीस दुरुस्त्या झाल्या. सत्ताविसावी मी लिहिली: 'पृष्ठ ११२, कै. ऐवजी श्री. वाचावे.' आठ दिवस ती तशीच ठेवली. रोज सकाळी वाचायचो. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. नवव्या दिवशी ती खोडून त्या जागी दुसरी ओळ लिहिली आणि अध्यक्षांना न विचारता छापायला दिली.

छापून आल्यावर पहिली प्रत वहिनींकडे घेऊन गेलो. दुपार होती. त्या अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. हात पदराला पुसून कागद घेतला आणि फाटकाशीच उभ्या राहून वरपासून वाचायला लागल्या, एकेका ओळीवरून बोट फिरवत, बालवाडीतली पोरं वाचतात तशा. बोट पृष्ठ १०९ वरून एकदम ११७ वर गेलं, तेव्हा क्षणभर थांबलं. मग पुन्हा चालू झालं. शेवटच्या ओळीवर आलं.

ती ओळ अशी होती: 'थोर व्यक्ती या प्रकरणात पुढील नाव अनवधानाने राहिले आहे.' खाली मिस्त्रींचं पूर्ण नाव, गाव, आणि 'व्यवसाय: वेल्डिंग. नाते: भाऊबंद.'

"हे कोण?" वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं. फाटकाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. पावती, चादर, नख, हवालदार. गावाचं नाव सांगितलं. लाकडं, रोजा, पुणतांब्याचा घाट. मध्ये एक भाजीवाला हातगाडी घेऊन गेला. त्याला त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"अग्नी दिला ना त्यांनी?"

"हो."

"मग तुम्ही फोन का केलात?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी सांगितलं होतं, नसतील तरच करा. तुम्ही केला नसतात तर मला त्याच दिवशी कळलं असतं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे गेले तेव्हा द्वादशीच. संध्याकाळी मी अंतरपाट धरला होता आणि ते नव्हतेच." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, अगदी लहान होईपर्यंत. पितळी पाटीकडे एकदा पाहिलं. मग आत जायला वळल्या आणि पायरीवर थांबल्या.

"यंदा सकाळी श्राद्ध करायचं," त्या म्हणाल्या, "आणि संध्याकाळी तुळशीचं लग्न. मिस्त्रींना कळवा, म्हणावं येताना नदीकाठचा ऊस घेऊन या. पाच. पानांसकट." दाराची कडी त्यांच्या हातात होती. "तुम्ही आणू नका, भावजी."